एक्सेल, पायथन की कोरल? आधी शाळेची आयकार्डं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.कॉम. झालंय, एमएससीआयटी आणि टॅली झालंय, घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. तालुक्याच्या गावातल्या एका क्लासनं ॲडव्हान्स एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), फोटोशॉप आणि कोरलड्रॉ (फोटो आणि डिझाइनचे प्रोग्राम) असं सगळं मिळून एक पॅकेज सांगितलंय. ते घ्यावं का? आणि नाही घेतलं तर यातलं आधी काय शिकावं?

माझं काम छपाई आणि डेटाचं आहे. शाळांची आयकार्डं, गुणपत्रकं, पतसंस्थांच्या सभासद याद्या, अहवाल. त्यामुळे मी नोकरीच्या जाहिरातीच्या बाजूनं नाही, कामाच्या टेबलाच्या बाजूनं उत्तर देतो. क्लासच्या पत्रकात ही पाच नावं पाच विषय म्हणून येतात. कामात ती एकामागून एक, एकाच फाइलवर येतात. आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा एका प्रोग्रामातून दुसऱ्यात फाइल जाताना. तो सांधा कुठल्याच विषयात येत नाही, म्हणून कुठल्याच क्लासात शिकवला जात नाही. तुम्ही तोच शिका. बाकी बटणं कुठे आहेत हे आपोआप कळत जातं.

त्यासाठी एक अख्खं काम हातात घ्या. माझ्या मते सगळ्यात चांगलं काम म्हणजे ६०० मुलांच्या शाळेची आयकार्डं. त्यात सगळं येतं, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत हजर असतात, त्यामुळे काम नीट झालं की नाही हे लगेच समजतं.

सुरुवात यादीपासून. शाळेकडून एक्सेलची फाइल येते. वर्ग, हजेरी क्रमांक, जनरल रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा मोबाइल, आणि राज्याच्या शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवरचा १९ अंकी स्टुडंट आयडी. पहिली गंमत इथेच. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. त्यापुढचे अंक शून्य होतात. एकाच शाळेतल्या मुलांच्या आयडीचा पुढचा बराच भाग सारखाच असतो, वेगळेपण शेवटच्या आकड्यांत असतं, आणि नेमके तेच चार आकडे ०००० होऊन बसतात. एवढी मोठी संख्या एक्सेलमध्ये २.०१ई+१८ अशी काहीतरी दिसत असते आणि सगळे म्हणतात, "फॉरमॅट बदलला की दिसेल." दिसत नाही. गेलेले अंक फाइलमध्ये उरलेलेच नसतात. नंतर रकाना टेक्स्ट करून काही उपयोग नाही, तो आकडे भरण्याआधी टेक्स्ट करायचा असतो. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल असेल तर ती डबल क्लिक करून उघडायची नाही. एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत घ्यायची आणि घेतानाच त्या रकान्याला टेक्स्ट सांगायचं. लांबलचक बँक खाते क्रमांकांना हेच लागू. शून्यानं सुरू होणाऱ्या खाते क्रमांकांचं पुढचं शून्य उडतं, त्यालाही हेच.

दुसरी गोष्ट जन्मतारीख. संगणकाचं रीजन अमेरिकेचं राहिलेलं असेल (नवीन विंडोज टाकून देणारा माणूस ते क्वचितच बदलतो), तर ०३/०४/२०१५ ही ३ एप्रिल लिहिलेली तारीख ४ मार्च होते. १५/०४/२०१५ मात्र तशीच राहते, कारण पंधरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर मानतं. म्हणजे यादीतल्या काही तारखा उलटतात आणि काही उलटत नाहीत, आणि नुसतं पाहून काही कळत नाही. खूण एकच: रकान्याचं अलाइनमेंट कोणी हातानं बदललेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसलं, की हात थांबवायचा. शाळेकडून मूळ हजेरीपट मागवायचा आणि कमीत कमी १० नावं ताडून पाहायची.

हे छोट्या गावातलं दुखणं आहे असं समजू नका. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून जवळपास १६ हजार कोविड रुग्ण गळाले, कारण कुठेतरी मधल्या टप्प्यावर जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल वापरली जात होती. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच बसतात. बाकीच्या गुपचूप बाहेर राहिल्या. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी बसतात, पण मुद्दा तो नाही. आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे कोणी मोजलं नव्हतं. ही मोजणी प्रत्येक टप्प्यावर करायची सवय आत्ताच लावून घ्या. शाळेनं ६१२ सांगितलेत, यादीत ६०९ आहेत, तर ते तिघं कोण, हे कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

एक्सेलमध्ये यापलीकडे काय लागतं? ट्रिम (जादा मोकळ्या जागा काढणं), डुप्लिकेट काढणं, डेटा व्हॅलिडेशन (रकान्यात चुकीचं भरू न देणं), एक्सलुकअप किंवा जुन्या आवृत्तीत व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं), पिव्होट टेबल (यादीचा गोषवारा). पॉवर क्वेरी शिकलात तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात तुम्ही केलेली साफसफाई पायऱ्या-पायऱ्यांनी नोंदली जाते आणि पुढच्या वर्षीच्या यादीला तीच परत लावता येते. मॅक्रो वगैरे सध्या सोडा.

आता मराठीचा भाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला हे कुठेच सापडत नाही.

शाळेची किंवा प्रेसची जुनी फाइल बहुतेक वेळा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेले संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत) नसते. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरचे डीव्हीटीटी फॉन्ट, असं काहीतरी असतं. या फॉन्टांत मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं. कृतीदेवमध्ये 'किरण' टाइप केलं, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एफ, डी, जे, पूर्णविराम, के अशी इंग्रजी चिन्हं बसलेली असतात. फॉन्ट बदलला की तीच दिसतात. त्यामुळे ना शोध चालतो, ना अकारविल्हे लावता येतं, ना दोन याद्या जुळतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी प्रेसवाल्यांनी जुनेच फॉन्ट धरून ठेवले त्यालाही कारण होतं: कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकली की जोडाक्षरं मोडायची. हातात असलेलं काम ज्यानं नीट होतं, तेच लोक वापरतात. नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण तुम्हाला ती फाइल युनिकोडमध्ये आणावी लागेल. कन्व्हर्टर मिळतात. ते नेमके कुठे अडखळतात हे माहीत असलं की तपासणी सोपी होते. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'किरण'मध्ये पहिली वेलांटी आधी दिसते म्हणून जुन्या फॉन्टात ती 'क'च्या आधी असते. युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर येते. 'स्थिती'मध्ये तर वेलांटीला नुसता 'स' नाही, पूर्ण 'स्थ' ओलांडून पलीकडे जावं लागतं. रफाराचं उलट. 'कीर्ती'तला रफार जुन्या फॉन्टात 'ती'च्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याला मागे येऊन 'त'च्या आधी बसावं लागतं. म्हणून कन्व्हर्ट केलेल्या यादीत आधी कोणती नावं बघायची? वेलांटी अधिक जोडाक्षर असलेली, आणि रफार असलेली. सिद्धी, प्रिया, स्मिता, कीर्ती, दर्शन, पूर्वा. ही नीट आली की बाकीची बहुधा नीट असतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळं संपत नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हेनं साठवता येतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. 'ॲ'चंही तसंच. एकतर 'ॲ' हे एकच चिन्ह असतं, नाहीतर 'अ'वर वेगळा चंद्र ठेवलेला असतो. वसईकडच्या एखाद्या शाळेच्या यादीत ॲलिस आणि ॲन्थनी असतील तर लुकअप काही जणांना "सापडत नाही" म्हणून सांगेल आणि तुम्ही एक्सेलला शिव्या घालत बसाल. उपाय साधा: सुरुवातीलाच फाइंड-रिप्लेसनं एकच रूप ठरवून टाकायचं. देवनागरी आकड्यांचाही निर्णय तेव्हाच घ्या. एक्सेलच्या बेरजेत देवनागरी आकडे धरले जातीलच याची खात्री नसते. पायथन मात्र '१२' ला बिनतक्रार बारा मानतं, ही त्याची एक छान गोष्ट. मी साठवताना नेहमी इंग्रजी आकडे ठेवतो आणि छापताना मराठी करतो.

आणि एक: मराठी यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केली की सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडायचा. पायथनमधून एक्सेलसाठी फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं, म्हणजे डबल क्लिक केल्यावर मराठी शाबूत दिसते. असल्या एका शब्दासाठी लोकांची अख्खी दुपार जाते.

आता प्रोग्रामिंग. तुम्हाला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं नाही असं प्रश्नावरून दिसतंय. मग पायथनचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. फोटोंपासून सुरू करा.

फोटोग्राफर एका दुपारी सगळ्या शाळेचे फोटो काढतो आणि फोल्डर देतो. नावं आयएमजी ४३१२, आयएमजी ४३१३ अशी. हजेरीच्या क्रमानं काढलेत म्हणतो. सातवी 'ब'मधला १४ नंबरचा मुलगा त्या दिवशी गैरहजर होता, आणि तिथून पुढे प्रत्येकाच्या कार्डावर शेजाऱ्याचा फोटो. हे टाळायचं तर फोटो काढतानाच प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला पाटीवर वर्ग लिहून तिचा फोटो घ्यायचा, आणि गैरहजर मुलाच्या जागी त्याच्या नंबरची पाटी. मग दहा-पंधरा ओळींचा पायथन प्रोग्राम लिहायचा. फोल्डरमधल्या फाइली (वर्गाच्या पाट्या वगळून) क्रमानं वाच, यादीतले रजिस्टर नंबर हजेरीच्या क्रमानं घे, फाइलीची प्रत काढून तिला तो नंबर नाव म्हणून दे. प्रत काढून, मूळ फाइल हलवायची नाही. त्यानंतर दुसरा, त्याहून छोटा प्रोग्राम: कोणत्या नंबरला फोटो नाही आणि कोणत्या फोटोला नंबर नाही. पायथनमध्ये दोन्ही नंबरांचे 'सेट' करून एकातून दुसरा वजा केला की उत्तर येतं. फाइल उघडणं, लूप, यादी, सेट, अट. एवढ्यात पायथनचा जो भाग तुम्हाला रोज लागणार आहे त्यातला बराचसा येऊन गेला, आणि तो का लागतो हेही कळलं.

मराठी मजकुरावर काम करताना पायथनची एक खोड लक्षात ठेवा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं दिसतात. पायथन त्याची लांबी दहा सांगतं, कारण हलन्त, काना, मात्रा सगळं ते वेगवेगळं मोजतं. नाव कार्डावर मावत नाही म्हणून "पहिली आठ अक्षरं घे" असं लिहिलंत तर 'ज्ञानेश्' असं पाय मोडलेलं नाव छापून येईल. नाव कापायचंच नाही. मावत नसेल तर दोन ओळींत टाकायचं.

एसक्यूएल बद्दल क्लासवाले फार मोठं काहीतरी सांगतील, सर्व्हर, ओरॅकल वगैरे. तुम्ही एसक्यूलाइट घ्या. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, सर्व्हर नाही, फुकट, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप्स तेच वापरतात. 'डीबी ब्राउझर' नावाचा फुकटचा प्रोग्राम घेतला की त्यात सीएसव्ही आत घेऊन टेबल करता येतं. विद्यार्थ्यांचं एक टेबल, फोटोंचं एक, फीचं एक. मग हेच प्रश्न एसक्यूएलमध्ये विचारा: फोटो नसलेली मुलं कोणती (लेफ्ट जॉइन), वर्गवार संख्या किती (ग्रुप बाय), एकच मोबाइल नंबर चारपेक्षा जास्त मुलांना लागलाय का (हॅविंग). शेवटचा प्रश्न मी हमखास विचारतो, कारण माहिती भरणाऱ्याला कंटाळा आला की तो वरचाच नंबर खाली ओढतो.

यातून एक गोष्ट पक्की शिकायची ती म्हणजे 'की' (key), म्हणजे ओळखीचा रकाना. नाव हे कधीच ओळख नसतं. एकाच वर्गात दोन 'ओंकार संजय पाटील' असणं आपल्याकडे अजिबात नवल नाही. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. रजिस्टर नंबर बदलत नाही, म्हणून फोटोलाही तोच, फीलाही तोच. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना या टेबलांच्या पद्धतीचा पाया घातला, एसक्यूएल त्यानंतर काही वर्षांत तिथेच तयार झालं. तेव्हाची मूळ रचना आजही तशीच चालते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची बटणं दर दोन वर्षांनी जागा बदलतात. एसक्यूएलवर घातलेला वेळ वाया जात नाही तो यामुळे.

आता डिझाइन. आयकार्डाचं माप एटीएम कार्डाएवढं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. फोटो छपाईत २५ मिलिमीटर रुंद असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो जेमतेम ३०० पिक्सेल लागतो, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटोही चालून जातो. फक्त उजेड बरा हवा. ऑफसेटला (प्लेटवरच्या छपाईला) जाणाऱ्या कामात बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवा. फोटोशॉपमध्ये आरजीबीचा (पडद्यावरच्या रंगांचा) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) नेला की तो चार रंगांचा होतो, आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी अक्षराभोवती रंगीत झालर दिसते.

डिझाइन करताना "राम पवार" असं छोटं नाव टाकून सुंदर कार्ड करू नका. यादीतलं सगळ्यात लांब नाव शोधा (एक्सेलमध्ये लांबीचा रकाना करून उतरत्या क्रमानं लावलं की सापडतं, अंदाजापुरतं ते पुरतं) आणि त्यावर डिझाइन करा. मग वर-खाली वाढणारी नावं बघा: कीर्ती, सिद्धी, पूर्वा. दोन ओळींमध्ये अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. इंग्रजी फॉन्टच्या सवयीनं ठेवलेलं ओळींचं अंतर मराठीला बहुतेक वेळा अपुरं पडतं.

फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत. मुंबईच्या एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo), शिवाय 'तिरो देवनागरी मराठी'. शेवटचा मुद्दाम सांगतो, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी सांगितली तरच मराठी वळण येतं. शाळेतले मराठीचे सर हे पहिल्या नजरेत पकडतात.

ॲडोबीच्या प्रोग्रामांत मराठी टाकल्यावर मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटली तर फॉन्टला दोष देऊ नका. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या प्रोग्रामात) परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय असतो. एकदा लावलं की झालं. इनडिझाइनमधलं 'डेटा मर्ज' सीएसव्हीतून सगळी कार्डं आपोआप भरतं. फोटोच्या रकान्याच्या नावाआधी ॲट-चं चिन्ह लावायचं, म्हणजे तो रकाना मजकूर नसून फोटोचा पत्ता आहे हे त्याला कळतं. कोरलमध्ये यालाच 'प्रिंट मर्ज' म्हणतात.

पण तुमच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर हे प्रोग्राम रडतील, आणि क्रॅक केलेली आवृत्ती टाकू नका. लायसन्सचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच मशिनवर ६०० मुलांची माहिती ठेवायची आहे. इंकस्केप हा डिझाइनचा प्रोग्राम घ्या. फुकट आहे, मराठी व्यवस्थित दाखवतं, आणि त्याची एसव्हीजी फाइल आतून साधा मजकूर असते. कार्डात नावाच्या जागी एखादी खूण लिहून ठेवायची, पायथननं त्या खुणेच्या जागी प्रत्येकाचं नाव घालून ६०० फाइली करायच्या, आणि इंकस्केपलाच कमांडनं त्यांच्या पीडीएफ करायला सांगायच्या. शाळेच्या नावात इंग्रजी 'अँड'चं चिन्ह असेल तर ते एसव्हीजीच्या नियमानुसार लिहावं लागतं, नाहीतर फाइल उघडतच नाही. दुसरा रस्ता: पायथननं एक वेबपान बनवायचं, त्यात सगळी कार्डं, आणि क्रोममधून पीडीएफ प्रिंट. ब्राउझरला मराठी जोडाक्षरं छान जुळवता येतात. पायथनमधून थेट पीडीएफ किंवा चित्रावर मराठी लिहायला जाल तर काही लायब्रऱ्या वेलांट्या इकडच्या तिकडे करतात.

आणि आता या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. कार्डांमध्ये ब्लीडची वेगळी जागा सोडली नाही तर ए-फोर कागदावर एका ओळीत दोन, अशा पाच ओळी, म्हणजे दहा कार्डं बसतात. ६०० कार्डं म्हणजे ६० पानं. नवशिका पहिल्या पानावर १ ते १० टाकतो, दुसऱ्यावर ११ ते २०. छापून झाल्यावर ६० पानांचा गठ्ठा कटिंगला जातो, कापून दहा छोटे गठ्ठे होतात, आणि पहिल्या गठ्ठ्यात १, ११, २१, ३१ अशी कार्डं येतात. मग दोन माणसं बसून वर्गवार लावत बसतात. त्याऐवजी पहिल्या पानाच्या पहिल्या घरात १, दुसऱ्या घरात ६१, तिसऱ्यात १२१ असं टाका. दुसऱ्या पानावर २, ६२, १२२. आता कापल्यावर पहिल्या गठ्ठ्यात १ ते ६०, दुसऱ्यात ६१ ते १२०. गठ्ठे एकावर एक ठेवले की अख्खी शाळा क्रमानं तयार. पायथनमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे: घराचा क्रमांक गुणिले पानांची संख्या, अधिक पानाचा क्रमांक, घरं शून्यापासून मोजून. मुलं ६०९ असतील तर पानं ६१ होतात आणि शेवटचं एक घर रिकामं राहतं, तेही हिशेबात धरा. ही एक ओळ लिहिता आली, की डेटा, प्रोग्राम आणि छपाई एकमेकांत कशी गुंतलेली आहेत ते बोटांना कळतं.

प्रेसला फाइल देताना "कर्व्ह करून द्या" असं सांगतात, म्हणजे मजकुराची चित्रं करायची. तसं केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मूळ फाइल वेगळी ठेवा आणि कर्व्ह करण्याआधी वर्गशिक्षकांची प्रूफावर सही घ्या. तोंडी "ठीक आहे" चालत नाही.

माहिती मुलांची आहे हेही विसरू नका. आधार क्रमांक कार्डावर लागत नसेल तर तो मागूच नका, यादीत आला तर तो रकाना काढून टाका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची वेगळी तरतूद आहे. सगळ्यांना उघडेल अशी ड्राइव्हची लिंक ग्रुपवर टाकणं बंद करा. काम झालं की फोटो परत द्या आणि आपली प्रत पुसा.

क्लासचं म्हणाल तर, पॅकेज एकदम घेऊ नका. त्यांना एवढंच विचारा: मी माझी मराठी यादी घेऊन आलो तर तिच्यावर शिकवाल का? युनिकोडमध्ये शिकवता की अजून फक्त कृतीदेव? उत्तर गोलमोल आलं तर फुकटचे रस्ते आहेत. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. त्यात लिबरऑफिस, पायथन, इंकस्केप अशा फुकटच्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे आहेत, आणि बरेचसे मराठीत आहेत. आवाज संथ आहे, काही धडे जुन्या आवृत्त्यांवर आहेत, पण बघता बघता हातानं करत जायची पद्धत चांगली आहे. क्लास लावायचाच असेल तर मराठी टायपिंगचा लावा. लिपिक पदांच्या भरतीत ३० शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र मागतात ते वेगळंच, पण रोजच्या कामात त्यानं जेवढा वेळ वाचतो तेवढा कुठल्याच शॉर्टकटनं वाचत नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतंच. पहिले काही आठवडे जीव नकोसा होतो, मग हात बसतो.

हल्ली पायथनचा प्रोग्राम एआयकडून लिहून घेता येतो. जरूर घ्या, मीही घेतो. पण तो चालवण्याआधी प्रत्येक ओळ काय करते हे त्यालाच विचारा, आणि आधी फायलींच्या प्रतीवर, वीस नावांवर चालवा. ६०० फोटोंची नावं एका सेकंदात चुकीची बदलता येतात.

क्रम विचारलात म्हणून सांगतो: एक्सेल आणि यादीची साफसफाई आधी, टायपिंग त्याच्याबरोबर, मग इंकस्केपमध्ये एक कार्ड, मग फोटोंसाठी पायथन, मग एसक्यूलाइट. एसक्यूएल शेवटी, कारण दोन-तीन टेबलं जमल्याशिवाय त्याची गरजच भासत नाही. पहिलं काम ओळखीच्या शाळेतल्या एकाच वर्गाचं घ्या, पैसे न घेता. संपूर्ण शाळेचं काम त्यानंतर.

लॅपटॉपला आणखी रॅम बसते का ते दुरुस्तीवाल्याला उघडून बघायला सांगा. बसत असेल तर ८ जीबी करा, आणि हार्ड डिस्क जुनी असेल तर तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर एसएसडी आधी.